एसएलओचे आकडे नेमके कोणासाठी भरायचे?

खडूफळा:
कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, अर्धवेळ, आठवं वर्ष चालू आहे. सेमिस्टर संपली की पेपर तपासायचे, ग्रेड टाकायच्या आणि वर एसएलओचा फॉर्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एसएलओ म्हणजे स्टुडंट लर्निंग आउटकम. कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते एका वाक्यात लिहायचं आणि किती जणांना जमलं ते मोजायचं. आमच्याकडे ७० टक्क्यांना जमलं की ‘निकष पूर्ण’. माझ्या वर्गाचे मागच्या खेपेला ६८ आले, यंदा ७५, आणि डिपार्टमेंटच्या रिपोर्टात लिहून आलं की सुधारणा झाली. अहो, ३० मुलांचा वर्ग आहे, तेवढ्यात हा आकडा नुसत्या योगायोगाने १६ टक्के वर नाहीतर खाली जाऊ शकतो, आणि हेच तर मी वर्गात सोळा आठवडे घसा कोरडा करून शिकवतो! मुलांनी असा निष्कर्ष काढला असता तर मी मार्क कापले असते. माझं स्पष्ट मत आहे की हे बंद करा, ग्रेड देतोच की आपण.

निळीशाई:
नाही पटलं. ग्रेडमध्ये काय काय मिसळलेलं असतं बघा ना, हजेरी, होमवर्क, उशिरा दिल्याची कपात, एक्स्ट्रा क्रेडिट. त्या ‘बी’ वरून मुलीला काय येतं ते मला सांगता येणार नाही. मी इंग्लिश कॉम्पोझिशन शिकवते. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी सगळ्या वर्गांतून ४० निबंध उचलले, नावं झाकली, आणि प्रत्येक निबंध दोघींनी वाचला, कोणीही स्वतःच्या वर्गाचा वाचायचा नाही असं ठरवून. रुब्रिक, म्हणजे कशाला किती चांगलं म्हणायचं त्याचा तक्ता, ‘व्हॅल्यू’चं घेतलं, अमेरिकन कॉलेजांच्या एका संघटनेचं, २००९ मध्ये आलेलं, आमच्यापुरतं थोडं बदलून. संदर्भ कसा द्यायचा ते जवळपास सगळ्यांना येत होतं, पण तो संदर्भ विश्वासार्ह का आहे हे अगदी मोजक्यांनी लिहिलं होतं आणि यातल्या कितीतरी मुलांना आम्ही ‘ए’ दिलेला होता. ते बघून आम्ही दुसरा असाइनमेंटच बदलला. ग्रेड बघत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

सांजवर्ग:
निळीशाई ताई, तुम्ही चौघी बसलात, पण त्या वेळेचे पैसे मिळाले का? आमच्याकडे बहुतेक सेक्शन अर्धवेळ लोक घेतात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी पळवतात, पगार वर्गाच्या तासांचा. ते निबंध वाचायला कधी बसणार? मग होतं काय की फायनलचा एखादा प्रश्न धरायचा, आकडा टाकायचा, मोकळं व्हायचं.
आणि हे सुरू कसं झालं तेही विसरू नका. मान्यता देणाऱ्या एसीसीजेसीच्या २००२ च्या नियमांत एसएलओ आले. २०१२ मध्ये सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोवर शो कॉजची, म्हणजे ‘मान्यता का काढू नये ते दाखवा’ अशी कारवाई झाली, दाखवलेल्या त्रुटींत पैशांच्या कारभारासोबत एसएलओचं कामही होतं. मान्यता गेली की गरजू विद्यार्थ्यांच्या पेल ग्रँटसारखी सरकारी मदत जाते, म्हणजे कॉलेज उभं राहणंच मुश्कील. त्यांची मान्यता २०१७ मध्ये पक्की झाली, पण तोवर सगळ्यांच्या मनात एकच बसलं, फॉर्म रिकामा दिसता कामा नये. भीतीपोटी भरलेल्या फॉर्मात खरं कोण लिहील?

रात्रपाळी:
आमच्या नर्सिंगला हा प्रश्न कमी येतो कारण बाहेरची परीक्षा आहे. एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांखाली गेलं तर राज्याचं नर्सिंग बोर्ड जाब विचारतं. तिथे लपवालपवी चालत नाही. पण घाबरलेल्या पेशंटशी कसं बोलायचं ते एनक्लेक्सवरून कळत नाही, ते वॉर्डात शेजारी उभं राहूनच बघावं लागतं.

निळीशाई:
सांजवर्ग, पैशांचं शंभर टक्के मान्य. आम्हाला थोडं मानधन मिळालं होतं, म्हणून तर बसलो. पण पैसे मिळत नाहीत म्हणून ते कामच निरुपयोगी, हे मला मान्य नाही.
खडूफळा, एक विचारू? पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे काय, हे तुमची पास झालेली मुलं स्वतःच्या शब्दांत कसं सांगतात?

खडूफळा:
काल रात्री याच प्रश्नासाठी पेपर परत काढले. २८ पैकी २१ जणांना हायपोथेसिस टेस्टचं गणित जमलं होतं. त्या २१ मधल्या १३ जणांनी लिहिलंय की नल हायपोथेसिस (‘काही फरक नाही’ हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के आहे. हे साफ चूक आहे, नल खरी आहे असं धरून चालल्यावर असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची ती शक्यता असते. मी उत्तराला मार्क दिले आणि खालचं वाक्य वाचून पुढे गेलो, आठ वर्षं असंच करत आलो असणार. वाईट वाटलं. त्या ७५ मध्ये यातलं काहीही दिसत नाही.
टक्केवारी बंद करा हे माझं म्हणणं कायम आहे. वाक्यं वाचायला मी तयार आहे.

पायरी:
सगळे जण पेपर देणाऱ्यांबद्दल बोलताय. माझ्या अल्जिब्राच्या वर्गात सुरुवातीला ४० होते, फायनलला २६ उरले, त्यातल्या २० जणांना जमलं. फॉर्मवर ७७ टक्के, निकष पूर्ण. पण आलेल्या ४० मधले निम्मेच झाले ना? जे मध्येच गेले त्यातली एक नोकरीची शिफ्ट बदलली म्हणून गेली, एकाला मूल सांभाळायला कोणी नव्हतं, आणि तीन-चार जण पहिल्या टेस्टनंतर दिसलेच नाहीत, त्यांना काय अडलं ते मी विचारलंही नाही. कम्युनिटी कॉलेजात हीच मुलं जास्त असतात आणि नेमकी तीच या मोजणीत नाहीत.

सांजवर्ग:
पायरी, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पहिल्या टेस्टनंतर गायब होणाऱ्यांचे पेपर आपल्याकडे असतात की, तेच आधी वाचायला हवेत. पण वाचायच्या तासांचे पैसे द्या हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणणार.

खडूफळा:
म्हणा, मीही तुमच्यासोबत म्हणतो. यंदा पहिली टेस्ट चौथ्या आठवड्यात आहे. पायरी, तुम्ही त्या गेलेल्या मुलांना आता मेल केलात तर काय विचाराल? मला तो मजकूर हवाय.