ड्रोन हल्ल्यांबद्दलचे जनमताचे आकडे कसे वाचायचे?

माळरान:
अमेरिकेने पाकिस्तानात केलेल्या ड्रोन हल्ल्यांबद्दल कुणी लिहितं 'अख्खा पाकिस्तान विरोधात', तर कुणी 'वझिरिस्तानातले लोक आतून खूश होते'. मतं नेमकी कशावर बनतात? पाहणीत काय तपासायचं?

पडवी:
आधी छेद बघा, म्हणजे टक्केवारी कितीजणांपैकी काढली आहे ते. प्यू या अमेरिकी जनमत-पाहणी संस्थेच्या २०१० च्या पाहणीतला '९३ टक्के विरोधी' हा आकडा सगळीकडे फिरला. पण तो फक्त ज्यांनी हल्ल्यांबद्दल काही ऐकलं होतं त्यांचा आहे, आणि असे लोक होते ३५ टक्के. म्हणजे शंभरातले जेमतेम ३३. उरलेल्यांचं मत मोजलंच गेलं नाही. शिवाय प्यूची माणसं फाटामध्ये, म्हणजे वझिरिस्तान ज्यात येतं त्या अफगाण सीमेलगतच्या आदिवासी पट्ट्यात, जिथे क्षेपणास्त्रं पडत होती तिथे, गेलीच नव्हती. लाहोर-कराचीकडे बातमी टीव्हीवरून यायची, सार्वभौमत्वाच्या भाषणांसकट.
'आतून खूश' याला मात्र फारसा आधार नाही. त्याच वर्षी न्यू अमेरिका फाउंडेशन या अमेरिकी अभ्याससंस्थेने फाटामध्ये वेगळी पाहणी करवली, तिथेही सुमारे तीन चतुर्थांश लोक विरोधातच निघाले. अर्थात एका बाजूला तालिबान, दुसऱ्या बाजूला लष्कर, अशा ठिकाणी दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण किती मोकळेपणाने सांगणार, हेही धरून चाला.

घाटवाट:
अमेरिकेतलं मतही तसंच तपासा. २०१२ मध्ये तिथे ड्रोन हल्ल्यांना ६२ टक्के पाठिंबा होता, पण 'अतिरेक्यांवर हल्ले' हे प्रश्नातच गृहीत धरलेलं असतं. मेलेला अतिरेकीच होता हे आधीच मान्य केल्यावर विरोध करणार कोण?
इथेच खरी मेख आहे. माणूस अतिरेकी ठरतो कसा? न्यूयॉर्क टाइम्सने मे २०१२ मध्ये छापलं होतं की, माऱ्याच्या टापूतले लढाऊ वयाचे सगळे पुरुष अतिरेकी मोजले जातात. निर्दोष असल्याचा पुरावा मेल्यानंतर मिळाला तरच वगळायचे, असं त्या बातमीत होतं.

माळरान:
मग मृतांचे कोणते आकडे धरायचे?

घाटवाट:
कालावधी आणि प्रदेश जुळवल्याशिवाय शेजारी ठेवू नका. अमेरिकी सरकारचा आकडा ६४ ते ११६ नागरिक; तो २००९ ते २०१५ मधल्या, युद्धक्षेत्राबाहेरच्या अनेक देशांतल्या ४७३ हल्ल्यांचा. ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम या ब्रिटिश शोधपत्रकारिता संस्थेचा ४२४ ते ९६९ नागरिक हा एकट्या पाकिस्तानचा, २००४ पासूनचा.

पडवी:
तारीखही बघा. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर अमेरिकी ड्रोन हल्ला झाला. गाडीत स्फोटकं असल्याचं सांगितलं गेलं. होते पाण्याचे कॅन. दहाही मृत नागरिक, त्यातली सात मुलं. पेंटागॉनने चूक कबूल केली ती १७ सप्टेंबरला. मधल्या दिवसांत घेतलेला कौल आणि नंतरचा कौल एका रांगेत मांडू नका.