संडे स्कूल घेतो, पण माझाच विश्वास डळमळलाय. काय करू?

घणसोलीचा_एक

जय ख्रिस्त. खरं नाव टाकत नाही कारण आमच्या चर्चच्या मंडळीतले निम्मे लोक इथे असतील. राहतो घणसोलीला, जॉब महापेला, मूळचे आम्ही नगरकडचे. पणजोबांपासून ख्रिस्ती, त्यामुळे रोजची संध्याकाळची प्रार्थना, आजीने पाठ करून घेतलेली वचनं, दृढीकरण (विश्वास स्वतः कबूल करायचा विधी), यूथ फेलोशिप, सगळं रीतसर झालंय.

गेल्या वर्षी पप्पा गेले. नऊ महिने आजारी होते, सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या, एकाने तर आयसीयूच्या बाहेर उभं राहून ठणकावून सांगितलं की मला वचन मिळालंय, हे बरे होणारच. आणि महिन्याभरात तोच माणूस आईला म्हणतो, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल. तेव्हापासून माझं आतून काहीतरी तुटलंय. प्रार्थना करतो म्हणजे छताशी बोलतो असं वाटतं. ट्रेनमध्ये रील्स बघतो, बायबल नंतर बदललं, येशू मेलाच नव्हता वगैरे, आणि उत्तर येत नाही. एका वडीलधाऱ्यांना हळूच विचारलं तर त्यांनी बायबलमधलं याकोब १:६ काढून दिलं, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. संपला विषय.

कहर म्हणजे मागच्या रविवारी दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, तुमच्या पप्पांसाठी आम्ही पण प्रेयर केली होती ना, मग देवाने ऐकलं नाही का?" मी काय केलं तर ड्रॉइंगचे कागद वाटले.

संडे स्कूल सोडू का? ढोंगी वाटतं स्वतःलाच. आणि प्लीज नुसतं "प्रार्थना कर" सांगू नका.

कोलबाडची_काकू

बाळा, आधी त्या माणसाचं बघू. योहान ९ उघड, जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, प्रभू म्हणतो याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तुझ्या आईला हे वाचून दाखव, ती बिचारी मनात धरून बसली असेल.

आता तू. याकोब १:६ आहेच, पण ते एकटंच कशाला काढायचं? यहूदाचं पत्र एवढंसं आहे, त्यात २२व्या वचनात संशयात असलेल्यांवर दया करा असं लिहिलंय, ते कोणी काढत नाही. आणि मत्तय ११ बघ, बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने स्वतः यार्देनेत प्रभूला बाप्तिस्मा दिला, तो तुरुंगातून निरोप पाठवतो की येणारे ते (ज्यांची वाट बघतोय ते तारणारे) तुम्हीच की आम्ही दुसऱ्याची वाट बघू. (मी रोज ठाणे जेलवरून जाते, जुना पोर्तुगीजांचा किल्ला तो, त्या भिंती बघितल्या की मला हाच अध्याय आठवतो.) प्रभू चिडला का? नाही. आंधळे बघतात, पांगळे चालतात, जे बघितलं ते जाऊन सांगा म्हणाला, आणि ते निरोपे गेल्यावर लोकांना सांगितलं की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही. म्हणजे कौतुक केलं ते प्रश्न विचारून झाल्यावर. सुटका मात्र झाली नाही योहानाची, तेही तिथेच लिहिलंय पुढे, १४व्या अध्यायात, ते कोणी लपवलेलं नाही.

माझ्या मुलाचा अपघात झाला तेव्हा दीड वर्ष मी उपासनेला जायचे पण तोंडातून गाणं निघायचं नाही. शेवटच्या बाकावर नुसती उभी राहायचे, शेजारची बाई बेसूर गायची, मी ऐकायचे. तेवढंच जमत होतं. तेवढंच केलं.

आणि झोपतोस का नीट? एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९), तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, दोनदा दिलं, झोपू दिलं. बोलणं नंतर.

वाशीचा_पुस्तकी_किडा

काकूंनी मनाचं सांगितलं, मी रील्सचं सांगतो, कारण दोन्हींची गल्लत झाली की माणूस गुदमरतो.

"बायबल बदललं" हे अर्धवट वाक्य आहे. हाताने नकलायचे तेव्हा फरक पडायचेच आणि ते अभ्यासक उघड सांगतात. मार्क १६ मधली ९ ते २० ही वचनं सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे कुठल्याही बऱ्या भाष्यात मिळेल. दुसरीकडे १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या, त्यातली यशयाची मोठी गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षं जुनी, आणि शब्दांचे, स्पेलिंगचे बारीक फरक सोडले तर पुस्तक तेच. आणि पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र इ.स. ५५च्या आसपासचं धरतात, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांत, त्यात १५व्या अध्यायात तो पुन्हा उठलेल्या येशूला बघितलेल्या साक्षीदारांची यादी देतो आणि वर म्हणतो यातले बरेच अजून जिवंत आहेत. याने पुनरुत्थान सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. शंभर वर्षांनी कोणीतरी रचलेली गोष्ट, एवढं म्हणणं मात्र टिकत नाही.

पण खरं सांगू? उद्या तुला सगळी उत्तरं मिळाली तरी पप्पांची खुर्ची रिकामीच राहणार. तुझा मूळ प्रश्न तो आहे.

आणि आपल्याच पंडिता रमाबाई बघ. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८३ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, नंतरही तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) पत्रांत कडाडून वाद घातले, आणि पुढे स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी. वाद चालू असतानाच बाई पुढे जात होती.

ट्रान्सहार्बर_लोकल

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. संशयाला डोक्यावर घेऊन नाचायची पण फॅशन झालीये. मी चार वर्षं डिबेटचे व्हिडिओ बघितले, स्वतःला फार विचारवंत समजत होतो, इंचभर हललो नाही. कळव्याला एक आजोबा एकटे राहतात, त्यांना दर शनिवारी डबा द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते आजोबा जेवायच्या आधी दोन मिनिटं प्रार्थना करायचे आणि मला डोळे मिटून उभं राहावं लागायचं. तिथूनच मी परत प्रार्थना करायला लागलो, का ते विचारू नका.

संडे स्कूलमधून मात्र दोन-तीन महिने सुट्टी घे. पोरांसमोर नाटक नको.

तलावपाळीजवळ

मी कॅथलिक, मध्येच बोलतोय. मदर तेरेसांची पत्रं २००७ला छापून आली, कित्येक दशकं आत अंधार, देव जवळ असल्याची जाणीवच नाही, आणि काम चालू. सुट्टीबद्दल मी वरच्याशी सहमत नाही.

घणसोलीचा_एक

सगळ्यांना थँक्स, रात्री दोनला वाचलं म्हणजे झोपेचं उत्तर मिळालं काकू. योहान ९ आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली आणि किचनमध्ये बराच वेळ होती. पाळक साहेबांना पण मेसेज टाकलाय. सुट्टीचं नक्की नाही, पण या रविवारी त्या मुलीला काय सांगू?

कोलबाडची_काकू

खरं ते सांग. मला पण माहीत नाही, मी पण देवाला तेच विचारतोय म्हणावं. आणि स्तोत्र १३ घे, सहाच वचनं आहेत, पहिल्या दोनांत दावीद चार वेळा "कोठवर" विचारतो. पोरांना मोजायला लाव. ८८वं तू घरी वाच, ते अंधारातच संपतं, दुसरीला जड जाईल.

घणसोलीचा_एक

हो, चालेल. ड्रॉइंगचे कागद या वेळी घरीच ठेवतो.