प्रत्येक बोअरची खडकनोंद सरकारजमा करणं सक्तीचं हवं का?

तलावपाळी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत तिसरं बोअर मारलं. घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे राहतो आम्ही. गाडी रात्री नऊला आली. दर दहा फुटांना एक पोरगा फावड्याने भुकटी उचलून कुंपणाकडेला ढीग लावत होता. पहिले चार ढीग पिवळसर मुरमाचे, मग सलग राखाडी, पिठासारखे. १४० फुटांवरचा ढीग विटकरी लाल निघाला. त्याच्या पुढच्या दोन ढिगांत पांढरे चमकणारे कण होते आणि भुकटी पहिल्यांदाच ओली आली. नंतर पुन्हा काळा पत्थर. ३०० फुटांवर थांबलो. सव्वा इंच पाणी लागलं.

सकाळी झाडलोट सुरू झाली. मी खाली पोचेपर्यंत तीस ढिगांपैकी नऊच उरले होते, बाकीचे गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत गेले.

पश्चिमेच्या शेजारी सोसायटीने दोन वर्षांपूर्वी कुंपणापासून शंभरेक मीटरवर बोअर मारलं होतं. काळा पत्थर सुटेना म्हणून १८० ला थांबवलं, कोरडं गेलं. त्यांच्या ढिगांचंही हेच झालं असणार. या रस्त्यावर अशी किती भोकं असतील! प्रत्येक भोक पाडताना जमिनीने आपल्या पोटातलं दाखवलं आणि आपण ते झाडून टाकलं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे खडकांचे नकाशे 'भूकोश' पोर्टलवर फुकट बघता येतात. मी बघितले. १:५०,००० प्रमाण, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आमची अख्खी सोसायटी त्यात दोन मिलिमीटरची. त्या नकाशावरून बोअरची जागा ठरत नाही, म्हणून समिती पाणाड्याला बोलावते आणि तो तळहातावर नारळ धरून फिरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ठाणे आणि नवी मुंबईत जे जे बोअर मारलं जाईल त्याची जागा, खोली, दर दहा फुटांचा खडक, पाणी कुठे लागलं आणि किती लागलं, हे राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे देणं सक्तीचं करा, आणि ते नकाशावर सगळ्यांना दिसू द्या. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात विहिरींची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहेच. हा कायदा २०१४ पासून लागू आहे. नोंदणीला खडक जोडा, एवढीच मागणी.

ऐरोलीकर

विरोध. तळमळ कळते, पण हिशोब करून बघा. तुमची ३०० घरं धरू. घरात चार माणसं, माणशी १३५ लिटरचा शहरी निकष. रोजची गरज १ लाख ६२ हजार लिटर. बोअर तासाला दोन हजार लिटर देतंय आणि आठ तास चालतंय असं धरलं, तर १६ हजार. म्हणजे दहावा हिस्सा. या दहाव्या हिश्श्यासाठी आणखी एक अर्ज, आणखी एक खिडकी, आणखी एक 'साहेब जागेवर नाहीत'.

आमच्या नवी मुंबईचं पाणी खालापूर तालुक्यातून, धावरी नदीवरच्या मोरबे धरणातून येतं. दिवसाला ४५० दशलक्ष लिटरचं ते धरण महापालिकेने स्वतःच्या मालकीचं करून घेतलं, म्हणून आज शेजारच्या शहरांपेक्षा बरे दिवस आहेत. शहराला धरण लागतं, जलवाहिनी लागते आणि वाहिनीतली गळती रोखणारा माणूस लागतो. पैसा आणि माणसं तिथे लावा. खडकाचे नकाशे करून नळाला पाणी येत नाही.

तलावपाळी

१६ हजार लिटर म्हणजे दहा हजारी दीड टँकर, रोज. एप्रिल-मे मध्ये दीड टँकरचे महिन्याला किती होतात ते आमच्या खजिनदारांना विचारा.

वाशीवाली

आमच्याकडे खाडीवर भराव टाकून वसवलेले सेक्टर. २०० फुटांवर पाणी लागलं, मचूळ. पहिल्या वर्षी बागेला चाललं, तिसऱ्या वर्षी झाडं करपली. पलीकडच्या गल्लीतल्यांना हेच आधी कळलं होतं, पण ते आम्हाला सांगणार कोण? नोंद हवीच.

खडकवाचक

नोकरीची सगळी वर्षं हातोडा, होकायंत्र आणि टोपोशीट घेऊन काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा लाल ढीग म्हणजे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधली भाजलेली जुनी माती. एक प्रवाह थंड झाला, वरचा भाग हवा-पाण्याने झिजून माती झाली, मग दुसरा प्रवाह तिच्यावर आला. हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. पांढरे कण झिओलाइट या खनिजाचे. खालच्या प्रवाहाच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहतात, त्यांत ते भरतात. आपल्याकडे त्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. पाणी सापडलं तर बहुधा त्यातच, किंवा भेगाळलेल्या कातळात. घट्ट काळ्या पाषाणात पाणी राहायला जागाच नसते.

आता शेजाऱ्यांचं बोअर. सह्याद्रीच्या घाटात हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पण किनाऱ्याकडच्या पनवेल-ठाण्याच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे कलतात. भूवैज्ञानिक त्याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. थर दहा अंशांनी कललेला असेल तर शंभर मीटर पश्चिमेला तो अठरा मीटर, म्हणजे साठेक फूट खाली जातो. तुमच्याकडे १४० ला लागलेला लाल थर शेजाऱ्यांकडे २०० च्या आसपास असू शकतो. ते १८० ला थांबले. मध्ये एखादी डाईक, म्हणजे उभ्या भेगेत घुसून गोठलेली लाव्हाची भिंत, असेल तर चित्र वेगळं. किनारपट्टीच्या या भागात डाईक भरपूर आहेत. जमिनीखाली त्या बंधाऱ्याचं काम करतात, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट.

हे कोडं एका भोकावरून सुटत नाही, दहा भोकांवरून सुटू लागतं. म्हणून मागणी रास्त आहे.

पण सक्तीच्या फॉर्मवर माझा विश्वास नाही. हवेच्या दाबाने भुकटी वर येताना वरच्या-खालच्या खडकाची सरमिसळ होते, ढीग दहा-पंधरा फूट पुढे-मागे होतो. गाडीवाला पोरगा लिहिणार 'काळा पत्थर' आणि खाली तेच ते. असली हजार पानं जमा झाली तर नकाशा चुकीचा होईल, आणि चुकीचा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट. माणूस पाठवा. वॉर्डात दोन भूवैज्ञानिक, हातात भिंग आणि पाण्याची बाटली. भुकटी धुऊन बघितल्याशिवाय खडक ओळखता येत नाही.

एक जुनी सल आहे, तीही लिहितो. भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासूनचं. त्याची भूजल शाखा १९७२ मध्ये केंद्रीय भूजल मंडळात गेली. राज्याची यंत्रणा तिसरी. खडक एका घरात, पाणी दुसऱ्या, विहिरींची पातळी तिसऱ्या. आम्ही डाईक आखायचो, ती डाईक विहिरीच्या नोंदीशेजारी ठेवून बघणारं टेबल कुठे नव्हतं.

घणसोली गावठाण

माझाही विरोध, पण ऐरोलीकरांच्या कारणाने नाही.

आमच्या आळीतली विहीर आज्याच्या आधीची. नळ आला तरी आम्ही ती बुजवू दिली नाही. मे महिन्यातही तिला दोन पुरुष पाणी असतं. उद्या हे नकाशावर निळ्या ठिपक्याने दाखवलं की पहिला कोण येईल? अभ्यासक नाही, टँकरवाला येईल. शेजारचा मोकळा प्लॉट भाड्याने घेईल, ३०० फूट मारेल आणि दोन उन्हाळ्यांत आमची विहीर कोरडी करेल. तेव्हा आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?

आणि नोंद फक्त आमचीच का? घोडबंदरला मेट्रोच्या प्रत्येक खांबाआधी जमीन ड्रिल करून तपासली. ठाणे–बोरिवली बोगद्यासाठी तपासली, बुलेट ट्रेनचा बोगदा खाडीखालून जातो त्यासाठी तपासली. त्यांच्याकडे अख्खे गोल कातळ पेट्यांत लावून ठेवलेले असतात. आधी ते उघडा. मग गावच्या विहिरीकडे या.

तलावपाळी

दादा, खांबांचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वडाळा–कासारवडवली मार्गाचे खांब आमच्या फाटकासमोरून गेलेत. ती नोंद जनतेच्या पैशातून झालेली आहे, ती पहिली उघडायला हवी. हे मी मागणीत सगळ्यात वर घेते.

टँकरची भीतीही खरी आहे. पण बोअरवाल्या एजंटांना कुठे पाणी लागतं हे आजही तोंडपाठ आहे. नोंद लपवली तर ती त्यांच्यापासून लपत नाही, आपल्यापासून लपते. खडक सगळ्यांना दिसू दे, पाण्याचा आकडा फक्त यंत्रणेकडे राहू दे. असं चालेल का?

घणसोली गावठाण

खडकाचं चालेल. पाण्याचा आकडा दप्तरातून बाहेर पडणार नाही याची हमी कोण देणार, ते आधी सांगा.

शहापूर माहेर

तुम्ही सगळे धरणाच्या खालच्या टोकाला बसून बोलताय. तानसा आणि भातसा माझ्या माहेरच्या तालुक्यात. पाणी मुंबई-ठाण्याला जातं, आणि वरच्या पाड्यांवर मार्चपासून बाया टँकरखाली हंडे लावतात.

सरकारच्या भूजल मूल्यांकनात कोकणातले बहुतेक तालुके 'सुरक्षित' आहेत. उपसा पुनर्भरणाच्या, म्हणजे दरवर्षी जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या, ७० टक्क्यांपर्यंत असेल तर सुरक्षित, १०० च्या वर गेला तर अतिशोषित. पण आमच्या पाड्यावर उपसा कमी आहे, कारण उपसायला काही उरतच नाही! अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उतारावरून वाहून जातो, आणि खालच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळात, साठवण शेकड्याला एक ते तीन. शंभर घनमीटर खडकातून एक ते तीन घनमीटर पाणी. दिवाळीला तुडुंब विहीर होळीला तळ दाखवते.

राज्यात सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. आख्ख्या तालुक्यात अशा मोजक्या. आमच्या पाड्याची विहीर त्यात नाही, म्हणून आमचा मे महिना कुठल्याच कागदावर नाही. केंद्राने २०१२ पासून देशभर जलधरांचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे, नकाशे केले, २०२३ मध्ये सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचं काम पूर्ण झालं. मोठं काम आहे, मान आहे. पण ते पाड्यापर्यंत उतरलं पाहिजे. बारीक नकाशा करायचाच असेल तर सुरुवात घोडबंदरपासून का? शहापूर-मुरबाडपासून करा.

ऐरोलीकर

ताई, तुमचं पटतं. पाड्याला दुसरा पर्याय नाही, तिथे नकाशा हवा. शहरात मात्र माझं मत तेच. ज्या शहराला धरणाचं पाणी आहे त्याने खडक पोखरू नये, आणि पोखरायला सोपं जाईल असा नकाशा तर अजिबात करू नये.

खडकवाचक

नकाशा 'इथे मारू नका' हेही सांगतो. वाशीच्या ताईंना तो मिळाला असता तर बोअरचा खर्च वाचला असता आणि झाडंही.

बरं, ढीग गेले ते गेले. सगळ्यांनी एक करा. सोसायटीच्या फायलीत बोअरचं जुनं बिल असेल. त्यात फुटांप्रमाणे दर लावलेला असतो आणि केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, किती फूट टाकलं ते वेगळं लिहिलेलं असतं. केसिंग मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंतच घालतात. म्हणजे तुमच्या जागी झिजलेला थर किती जाड आहे, ते त्या बिलावर छापलेलं आहे. गाडीवाल्याला त्यावर पैसे मिळतात, त्यामुळे हा आकडा तो विसरत नाही. तो फुगवलेला नाही ना, तेवढं जुन्या वॉचमनला विचारून घ्या.

तलावपाळी

आमची तीन बिलं सापडली. केसिंग ४०, ४०, ५५. पंचावन्नचं नाल्याच्या बाजूचं. शेजाऱ्यांचंही मिळालं, २५. उरलेले नऊ ढीग पिशव्यांत भरून, वर फूट लिहून ठेवलेत. लाल त्यात आहे.

वाशीवाली

केसिंग ९०. भरावच तेवढा असेल.

ऐरोलीकर

सेक्रेटरींकडून फाईल मागवली. २०१६ चं बिल. केसिंग २० फूट, खोली २८०, पाणी नाही. सक्तीला माझा विरोध कायम आहे, पण हा आकडा तुमच्या यादीत लिहून घ्या.