लायसन्सची तपासणी किती कडक ठेवावी? पैसे भरलेल्यांनाच जाच होतोय

अर्धविराम:
मोजमाप आणि आरेखनाचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालणारं. एकदाच विकत घ्यायचं, वर्षभराचे अपडेट सोबत. सध्या २५ अक्षरांची सीरियल की आहे आणि प्रोग्रॅम ती चेकसमने (अक्षरांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) स्वतःच तपासतो. आता की-जनरेटर, म्हणजे खोट्या की बनवणारा प्रोग्रॅम, बाहेर फिरतोय.

विचार असा आहे: प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी सर्व्हरला विचारायचं, की मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) बांधायची, एका कीवर एकच मशीन. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅम बंद. अडचण ही की बरेच ग्राहक कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत आहेत, तिथे नेट नसतंच. काय बदलावं? आणि एक्झे फाइलवर पॅकर (आतला कोड झाकणारं वेष्टन) चढवून फायदा होतो का?

निरगाठ:
आधी की-जनरेटर, कारण तेवढा प्रश्न पूर्ण सुटतो. की तपासायचं सूत्र प्रोग्रॅममध्ये असेल तर की बनवायचं सूत्रही त्यातूनच काढता येतं. त्याऐवजी डिजिटल सही वापरा: खाजगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने ती फक्त तपासता येते. एड२५५१९ ही सहीची पद्धत घेतलीत तर प्रोग्रॅममध्ये फक्त ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली राहते, खाजगी किल्ली तुमच्याकडे. सही ६४ बाइटची, म्हणजे बेस-३२ मध्ये (३२ चिन्हांत लिहिली तर) १०३ अक्षरं. ती रोज कुणाला टाइप करायला लावू नका, लायसन्सची फाइल द्या. फाइलमध्ये ग्राहकाचं नाव, ऑर्डर क्रमांक, अपडेटची मुदत आणि मशीनची संख्या असू द्या. ते नाव ‘माहिती’च्या खिडकीत दिसलं पाहिजे. स्वतःच्या कंपनीचं नाव झळकवणारी फाइल लोक सहसा दुसऱ्याला देत नाहीत. पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅममध्ये दोन सार्वजनिक किल्ल्या ठेवा. एक खाजगी किल्ली फुटली तर पुढची लायसन्स दुसरीने देता येतात.

यामुळे जनरेटर थांबेल, पॅच, म्हणजे प्रोग्रॅमची फाइलच बदलणं, थांबणार नाही. शेवटी सगळी तपासणी एका उडीवर येते; एक्स८६ प्रोसेसरवर ७४ चा (अट जुळली तरच उडी) बाइट ईबी (नेहमीच उडी) केला की कुलूप उघडलं. पॅकरमुळे तो बाइट सापडायला थोडा उशीर होतो, एवढंच. बदल्यात अँटीव्हायरस तुमच्या स्वच्छ फाइलवर संशय घेतात आणि क्रॅश डंप (प्रोग्रॅम कोसळतानाची नोंद) वाचणं अवघड होऊन बसतं. क्रॅकवाल्याच्या (फोडलेली प्रत वापरणाऱ्याच्या) हाती मात्र पॅकर सोलून काढलेली, चपळ आवृत्ती असते.

तळमजला:
मॅक ॲड्रेस सोडूनच द्या. डॉकिंग स्टेशन लावलं, यूएसबीचं नेटवर्क कार्ड काढलं, व्हीपीएनने आभासी कार्ड घातलं, वायफायने बनावट पत्ता घेतला, की प्रोग्रॅमला ते नवं मशीन वाटतं. मदरबोर्डचा सीरियल क्रमांकही बेभरवशाचा, कित्येक बोर्डांवर तिथे ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच लिहिलेलं असतं. विंडोजचा मशीनगाइड हा ओळख-क्रमांक विंडोज पुन्हा इन्स्टॉल केल्यावर बदलतो, आणि एकाच डिस्कची नक्कल उतरवलेल्या मशीनांत तो सारखाही निघू शकतो. लिनक्सच्या मशीन-आयडीचंही तेच.

म्हणून पाच खुणा घ्या आणि तीन जुळल्या तर मशीन तेच माना. २००१ च्या विंडोज एक्सपीतही दहा हार्डवेअर खुणा घेऊन थोडा बदल चालवून घेतला जात असे. खुणा सॉल्ट (जादा यादृच्छिक मजकूर) घालून हॅश करा, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा बनवा, कच्च्या साठवू नका.

एका माणसाला दोन मशीन द्या. मशीन मोकळं करायचं बटण वेबवरच्या खात्यातही हवं, कारण जळालेल्या मशीनवरून कुणाला ‘डिॲक्टिव्हेट’ दाबता येत नाही. महिन्यात तीन बदल आपोआप होऊ द्या. चौथ्याला माणसाने लक्ष घालावं, पण तोवर १४ दिवसांचं तात्पुरतं लायसन्स लगेच मिळालं पाहिजे. सपोर्टला शनिवार-रविवार सुट्टी असते, ग्राहकाच्या कामाला नसते.

उपाशी_लूप:
एक सुचवू का? क्रॅक ओळखू आला तर प्रोग्रॅम बंद पाडू नका, मोजमापाचे आकडे गुपचूप थोडे चुकवा.

काटकोन:
हे अजिबात करू नका. तुमची ओळख एकदा जरी चुकली, तर पैसे भरलेल्या माणसाचा सुटा भाग चुकीच्या मापाने कापला जाईल. आणि क्रॅकवाले ‘आकडे चुकतात’ असंच सगळीकडे लिहितील, क्रॅक वापरतोय असं लिहिणार नाहीत. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर घालायचा विचारही त्याच पंक्तीतला. सोनी बीएमजीने २००५ मध्ये सीडीतून रूटकिट (स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, तेव्हा संगणक पैसे देणाऱ्यांचेच उघडे पडले होते.

अर्धविराम:
पटलं. पण मग ऑनलाइन तपासणी नकोच का? पैसे परत मागून घेतले आणि की वापरत राहिले, तर ती रद्द कशी करायची?

काटकोन:
तपासणी ठेवा, पण सर्व्हरची उत्तरं दोन नसून तीन असतात: हो, नाही आणि उत्तरच नाही. तुमच्या किल्लीने सही केलेला नकार आला तरच तो ‘नाही’. टाइमआउट, सर्व्हरचा पत्ता (डीएनएस) न सापडणं, सर्व्हरची ५०० ची चूक, हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान (ते ‘सगळं ठीक’ असा २०० चा कोड देतं, इथे बरेच जण फसतात), मधल्या प्रॉक्सी सर्व्हरचं प्रमाणपत्र, हे सगळं ‘उत्तर नाही’मध्ये धरा आणि प्रोग्रॅम चालू द्या. प्रोग्रॅम उघडल्यावर मागच्या बाजूने, सात दिवसांतून एकदा विचारलं तरी पुरे. मासिक वर्गणी असती तर ३० दिवसांची मुदत आणि वर १४ दिवसांची सवलत म्हणालो असतो. तुम्ही कायमचं विकताय, तेव्हा एकदा ॲक्टिव्हेट झालेल्या मशीनला पुन्हा नेटची सक्ती नको. नकार आला तरीही जुन्या फाइल उघडणं, छापणं आणि निर्यात करणं चालू ठेवा, फक्त नवी फाइल बनवणं अडवा.

घड्याळाचीही काळजी घ्या. मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ती चोरी नव्हे. उलट कुणी चुकून २०९९ साल लावलं आणि तुम्ही ‘शेवटची पाहिलेली वेळ’ म्हणून ते जपून ठेवलं, तर चाचणी-आवृत्ती कायमची संपते. वेळ फक्त सर्व्हरच्या सही केलेल्या उत्तरातूनच साठवा.

निरगाठ:
त्यात भर. लायसन्सची सही टीएलएसपासून (सर्व्हरशी जोडणी सुरक्षित करणाऱ्या व्यवस्थेपासून) वेगळी ठेवा आणि त्या जोडणीचं प्रमाणपत्र प्रोग्रॅममध्ये पिन, म्हणजे कायमचं पक्कं, करू नका. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स-३ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा बऱ्याच जुन्या मशीनांना लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ओळखू येईनात. अशा वेळी ऑफलाइन वाट कामी येते: प्रोग्रॅम विनंतीची फाइल बनवतो, ती दुसऱ्या संगणकावरून वेबपानावर चढवायची, मिळालेली फाइल परत आणायची. जिथे पेनड्राइव्हला बंदी आहे, तिथे विनंती स्क्रीनवर क्यूआर म्हणून दाखवा. उत्तर टाइप करण्यावाचून तिथे गत्यंतर नसतं, म्हणून ती १०३ अक्षरं पाच-पाचच्या गटांत द्या आणि प्रत्येक ओळीला वेगळा चेकसम ठेवा, म्हणजे चूक कोणत्या ओळीत झाली ते कळतं. मशीनची खूण प्रोग्रॅमकडे असतेच, ती उत्तरात पाठवू नका.

तळमजला:
सर्व्हर कधी बंद करावा लागला तर काय, हेही आत्ताच ठरवा. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केल्यावर २०१३ मध्ये ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि सीरियल क्रमांक दिले होते. ॲक्टिव्हेशन वगळलेला बिल्ड प्रत्येक आवृत्तीबरोबर बनवून तिऱ्हाइताकडे एस्क्रोमध्ये (राखीव ठेव म्हणून) ठेवा. आणि तो दर वेळी चालवून पाहा, नुसता कंपाइल होतो म्हणून सोडू नका.

अर्धविराम:
शेवटचं एक. जुन्या २५ अक्षरी की ज्यांच्याकडे आहेत, त्यांचं काय?

निरगाठ:
जुनी की आणि ऑर्डरचा ईमेल जुळला की नवी फाइल फुकट द्या. ईमेल हरवला असेल तर बिलावरून द्या. सध्याच्या आवृत्तीत जुनी की चालूच राहू द्या. सहीची अट पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून लावा.