प्रिसिजन, स्केल आणि 'पूर्णांकित करा'

पाटीपेन्सिल : ओरॅकल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये डेटा नेण्याच्या सूचनांचा मराठी मसुदा तपासतेय. ओरॅकलमधल्या आकड्यांच्या कॉलमच्या नंबर(१०,२) या प्रकारासाठी त्यात प्रिसिजन आणि स्केलचं मराठी म्हणून 'अचूकता १०, प्रमाण २' असं छापलंय. वाचणाऱ्याला वाटणार, १० म्हणजे ८ पेक्षा जास्त बिनचूक! खरं तर एकंदर १० अंक, त्यातले २ दशांश चिन्हानंतरचे, ९९९९९९९९.९९ च्या वर जागाच नाही. 'एकूण अंक' आणि 'दशांश स्थळं' लिहिलं तर चालेल?

तिरफळ : चालेल काय, धावेल. शाळेतले शब्द आहेत.

उंबरठा : नंबर(५,-२) आलं की दोन्ही आपटतात. ओरॅकल १२३४५६७ ला १२३४६०० करून ठेवतं. दिसतात सात अंक, मोजले पाच. म्हणून 'एकूण' नको, 'सार्थ अंक' हवं. आणि दशांश म्हणजे दहावा अंश, तो उणे दोन कसा असेल? पोस्टग्रेसनेही उणं स्केल १५व्या आवृत्तीत स्वीकारलं. १४ किंवा त्याआधीची असेल तर न्यूमेरिक(७,०) घ्या (न्यूमेरिक म्हणजे पोस्टग्रेसमधला नंबरचा जोडीदार) आणि शंभरापर्यंत राउंड करायचं काम ट्रिगरला, म्हणजे ओळ भरताना आपोआप चालणाऱ्या कोडला द्या. चेक, म्हणजे कॉलमवरची अट लावलीत तर ती राउंड करणार नाही, ओळ परत पाठवेल.

तिरफळ : उणे दोन स्थळं म्हणजे दोन ठिकाणी पत्रिका जुळली नाही.

गोळाबेरीज : त्यापेक्षा मोठा घोळ राउंडसाठी मसुद्यात छापलेल्या 'पूर्णांकित करा' मध्ये आहे. न्यूमेरिक(१०,२) मध्ये १२.३४५ घातलं की १२.३५ होतं, ना चूक ना इशारा. हा पूर्णांक आहे का? ओरॅकलमध्ये कंसाशिवाय नुसतं नंबर लिहिलेला कॉलम ऑरा-टू-पीजी, म्हणजे डेटा हलवायचं साधन, आपणहून बिगइंट करतं, म्हणजे फक्त पूर्णांक घेणारा प्रकार. त्यात १२.५० आलं की लोड अडतो. मग सूचनेत 'पूर्णांकित करा' वाचून माणूस वरचे ५० पैसे उडवून मोकळा. त्याऐवजी त्या साधनाच्या सेटिंगमध्ये 'डीफॉल्ट न्यूमेरिक' या नावापुढे न्यूमेरिक लिहा. बिगइंटच हवं असेल तर आधी मूळ कॉलममध्ये किंमत आणि तिचं ट्रंक (अपूर्णांक छाटलेली किंमत) वेगळं निघणाऱ्या ओळी मोजा. शून्य आल्या तरच पुढे जा. १८ अंकांपर्यंत बिनधास्त. १९ अंकी आकडा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ च्या पुढे गेला की बसत नाही.

पाटीपेन्सिल : मग राउंडला काय लिहू?

उंबरठा : निकटन.

तिरफळ : निकटन कुठल्या बाजारात मिळतं? लोक राउंड फिगर म्हणतात, राउंड लिहा.

उंबरठा : बाजारात मिळत नाही म्हणून शब्द टाकायचा झाला तर 'सार्थ' पण टाका. जुन्या अंकगणितात 'आसन्न किंमत' होतंच की. 'दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न किंमत' यात काय दुर्बोध आहे?

गोळाबेरीज : शब्द कुठलाही घ्या, 'छाटणे' वेगळं ठेवा. २.९ चं इंट, म्हणजे पूर्णांक केलं तर एसक्यूएल सर्व्हर हा आणखी एक डेटाबेस २ देतो, पोस्टग्रेस ३. एकाने छाटलं, दुसऱ्याने राउंड केलं. मसुद्यात दोन्हीकडे 'रूपांतर' असणार, पैज लावतो. त्यात पोस्टग्रेसची आणखी एक खोड: २.५ न्यूमेरिक असेल तर ३, डबल प्रिसिजन (बिटांत साठवलेला, अंदाजी दशांशांचा प्रकार) असेल तर जवळची समसंख्या, म्हणजे २. आणि कॉलम पूर्णांकी झाले की भागाकारही बदलतो. ओरॅकलमधलं ५/२ म्हणजे २.५, पोस्टग्रेसमध्ये २. रिपोर्टमधली सरासरी इथेच घसरते.

तिरफळ : व्युत्पत्तीवाल्यांसाठी खाऊ: माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये नुसतं डेसिमल (तिथला नंबरसारखा प्रकार) लिहिलं तर ते (१०,०) धरतं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये (१८,०). नाव दशांश, घरात अंशही नाही.

उंबरठा : म्हणूनच कंस भरल्याशिवाय डेसिमल लिहू नये. यात मराठीचा काय दोष?

गोळाबेरीज : 'सार्थ अंक' वाल्यांनी डबल प्रिसिजनचं मराठी करून दाखवावं. तिथे मोजमाप ५३ बिटांचं, दशमान अंक धड १५च भरवशाचे. दुहेरी सार्थ अंक म्हणणार?

उंबरठा : ते प्रकाराचं नाव आहे, तसंच ठेवायचं.

तिरफळ : म्हणजे प्रिसिजन चालतं तर!

पाटीपेन्सिल : मसुदा उद्या द्यायचाय. नंबर(१०,२) चं काय लिहू?

उंबरठा : आधी 'स्थळ' की 'स्थान' ते ठरवा.