मेकॅनिकलवाल्याने पेशीजीवशास्त्र कुठून सुरू करावं? (सल्ला हवा)

गिअरबॉक्स
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल इंजिनिअर. शाळा सुटली तेव्हाच जीवशास्त्रही सुटलं. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र, एवढंच डोक्यात राहिलंय. तिची आकृती मात्र बरी काढायचो.

आता कामानिमित्त बायोरिअॅक्टरच्या गटात येऊन पडलोय. चिनी हॅम्स्टरच्या पेशी (सगळे 'सीएचओ' म्हणतात) टाकीत वाढवायच्या आणि त्यांच्याकडून औषधी प्रथिनं बनवून घ्यायची. ढवळणी आणि हवा सोडण्याची व्यवस्था माझ्याकडे. पहिल्याच चाचणीत ऑक्सिजन कमी पडायला लागला, म्हणून मी हवा वाढवली आणि पंख्याचे फेरेही वाढवले. दोन दिवसांत निम्म्या पेशी खलास. गटातल्या जीवशास्त्रज्ञ बाई एवढंच म्हणाल्या, "अहो, हे यीस्ट नाही." नेमका फरक काय, हे विचारायची तेव्हा लाज वाटली.

एक जाडजूड पुस्तक घेतलंय. दुसऱ्या प्रकरणातच नावांच्या गर्दीत हरवलो. रोज संध्याकाळी तासभर देऊ शकतो, साधारण तीन महिने. काय वाचू, काय सोडू?

पेट्रीडिश
लाज कसली, विचारायचं की! यीस्ट आणि जिवाणूंना पेशीपटलाबाहेर टणक भित्ती असते. आतून दाब आला तरी ती धरून ठेवते. तुमच्या सीएचओला भित्तीच नाही. बाहेरच्या जगात आणि तिच्यात जेमतेम ५ नॅनोमीटरचं स्निग्ध पटल आणि त्याला आतून आधार देणारं तंतूंचं जाळं, बस्स. आकारही बघा: ई. कोलाय जिवाणू साधारण २ मायक्रॉन लांब, तुमची पेशी १५ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे आकारमानात हजाराहून जास्त पट मोठी, आणि अंगावर चिलखत नाही.

पुस्तक म्हणाल तर 'एसेन्शियल सेल बायॉलॉजी' घ्या. ते नवख्यांसाठीच लिहिलंय. पण पहिल्या पानापासून वाचू नका. आधी पेशीपटल, मग पटलातून होणारी ने-आण, मग ऊर्जा, मग पेशीचा सांगाडा. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल यांना बहुतेक इंजिनिअर 'पाठांतराचा भाग' म्हणून टांग मारतात. तुम्ही मारू नका, कारण तुमची नोकरी त्यांच्यामुळेच आहे. मानवी इन्सुलिन १९७८ मध्ये जिवाणूंकडून करवून घेतलं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूरही झालं. ते साधलं कारण इन्सुलिन लहान असतं आणि त्यावर शर्करेच्या साखळ्या नसतात. अँटिबॉडीवर त्या असतात, आणि त्या आपल्या शरीराला चालतील अशा चढवायचं काम या दोन ठिकाणी होतं. नेहमीच्या जिवाणूकडे ही सोयच नाही. म्हणून एवढ्या नाजूक पेशी सांभाळायच्या.

ओहमचा_नियम
मी इलेक्ट्रिकलचा, याच वाटेने गेलोय. माझा सल्ला वरच्यापेक्षा थोडा वेगळा: नावं नंतर, आकडे आधी. पेशीपटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब चेतापेशीत साधारण ७० मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ. आता त्याला ५ नॅनोमीटरने भागा. मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट! हवेत ३० लाखांच्या आसपास ठिणगी पडते. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलं असणार म्हणून तीनदा तपासलं. त्या दिवसापासून पेशीपटल मला आकृतीतली रेघ वाटलं नाही, कपॅसिटर वाटला. आहेच तो: चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड अक्षतंतूचं जे मंडल मांडलं, ते कपॅसिटर, रोध आणि बॅटऱ्या एवढ्यावरच उभं आहे. पुढे नोबेलही मिळालं.

तुमच्या कामाचं गणित विसरणाचं, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाण्याचं. लागणारा वेळ अंतराच्या वर्गात वाढतो. ऑक्सिजनसारखा लहान रेणू पाण्यात १० मायक्रॉन जायला सेकंदाचा विसावा भाग घेतो, १ सेंटिमीटर जायला तेरा-चौदा तास. पेशी एवढ्या लहान का, टाकी ढवळावी का लागते, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या जाड ऊतीला रक्तवाहिन्या नसल्या तर ती आतून का मरते, तिन्हींचं उत्तर या एकाच वर्गात आहे.

पुस्तक: 'फिजिकल बायॉलॉजी ऑफ द सेल'. गणिताला न घाबरणाऱ्यांसाठी. आणि 'बायोनंबर्स' हा आकड्यांचा संग्रह नेटवर फुकट आहे, तो उघडाच ठेवा.

काठावरचा
वाचनखूण साठवली. मीही याच होडीत.

उलटा_प्रश्न
ओहम, आकड्यांबद्दल पूर्ण सहमत, पण एक खोडा घालतो. इंजिनिअर मंडळी आकडे घेतात आणि लगेच पेशीला यंत्र म्हणायला लागतात. मोह होतो, कबूल. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवणारं प्रथिन खरोखर गरगर फिरतं, १९९७ मध्ये त्याला तंतू चिकटवून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंय. कायनेसिन हे प्रथिन ८ नॅनोमीटरची पावलं टाकत ओझं वाहतं. पण तुमच्या यंत्राचे दोन नग एकसारखे वागतात, पेशींचे वागत नाहीत.

२००० मध्ये ई. कोलायमध्ये तीन जनुकांचं एक घड्याळ बसवलं होतं. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं पुन्हा पहिल्याला. कागदावर झकास आंदोलक. जिवाणू खरोखर आलटून पालटून चमकले, पण शेजारशेजारच्या जिवाणूंची लय जुळेना. एकाच पेशीतून फुटलेल्या दोन बहिणीसुद्धा काही वेळाने वेगळ्या चालीने चमकायच्या. कारण पेशीत एखाद्या रेणूच्या मोजक्याच प्रती असतात, आणि मोजक्या प्रती म्हटलं की नशीब आलंच. तेव्हा गिअरबॉक्स, सरासरीवर विसंबू नका. टाकीतल्या 'निम्म्या मेल्या' मधल्या उरलेल्या निम्म्या का जगल्या, हाही प्रश्न आहे.

पेट्रीडिश
उलटा, अगदी! पण नवख्या माणसाला यंत्राची उपमा पहिले दोन आठवडे वापरू द्या हो. नंतर ती आपणच गळून पडते.

टाकीवाला
सगळ्यांनी पुस्तकं सांगितली, टाकीबद्दल कुणी विचारलंच नाही. :) माझी बरीच वर्षं यातच गेली.

गिअरबॉक्स, पंख्याला फाशी देण्याआधी बुडबुड्यांची चौकशी करा. पात्यांजवळच्या घर्षणाने पेशी फाटतात असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा खुनी असतो वर येऊन फुटणारा बुडबुडा. पेशी बुडबुड्याला चिकटून पृष्ठभागावर येतात, आणि तो फुटताना त्या पातळ पडद्यात जो झटका बसतो तो पात्यांच्या घर्षणापेक्षा कितीतरी जबर असतो. तुम्ही हवाही वाढवलीत आणि फेरेही, त्यामुळे दोष कोणाचा हे आता कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि माध्यमात (पेशी वाढतात त्या पोषक द्रवात) पोलॉक्झामर १८८ आहे का आणि किती, ते विचारून घ्या. त्याच्यामुळे पेशी बुडबुड्याला कमी चिकटतात.

तुमची अडचण खोटी नाही. ३७ अंशांना हवेतला ऑक्सिजन पाण्यात लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम विरघळतो, तो सतत भरत राहावा लागतोच. फक्त हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन मिसळला तर तेवढ्याच कामाला कमी बुडबुडे लागतात.

अभ्यासाबद्दल म्हणाल तर तीन महिन्यांतला एक आठवडा त्या बाईंच्या कल्चरच्या खोलीत काढा. हात लावू नका, नुसतं बघा. माध्यम लालसर गुलाबी दिसेल, त्यात फिनॉल रेड हा दर्शक असतो. पिवळं पडलं म्हणजे आम्ल साठलं: एकतर पेशींची दाटी झाली, नाहीतर पाहुणे आले. जांभळट झालं तर इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड बघा. पिवळं आणि शिवाय गढूळ म्हणजे खेळ संपला. तुमची पेशी दुप्पट व्हायला साधारण दिवस घेते, जिवाणू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटं. एक जिवाणू शिरला तर हिशेबाने दहा तासांत शंभर कोटी. निर्जंतुकीकरणावर पन्नास पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते अशी एक बाटली फेकताना शिरतं.

गिअरबॉक्स
सगळ्यांचे आभार. बाईंना सरळ विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, यीस्टचा प्रश्न पहिल्याच दिवशी यायला हवा होता. पोलॉक्झामर होता, पण मी हवा ज्या नळीतून सोडत होतो तिची छिद्रं फार बारीक निघाली, बुडबुडे असंख्य. आता फेरे तेच ठेवून फक्त हवा कमी करतोय, थोडा ऑक्सिजन मिसळून.

ओहमचं गणित मीही तीनदा तपासलं.

काल पेशी स्वतः मोजल्या. ट्रिपॅन ब्लू टाकलं की मेलेल्या निळ्या होतात, जिवंत स्वच्छ राहतात, कारण धडधाकट पटल रंगाला आत घेत नाही. पुस्तकातलं पेशीपटल तिथे पहिल्यांदा दिसलं म्हणायचं! पण एक कोडं: पहिल्या मोजणीत ९ टक्के निळ्या, तीच काचपट्टी चहा पिऊन येऊन पुन्हा मोजली तर २० च्या वर. डोळे चुकले की काय?

टाकीवाला
डोळे ठीक आहेत, चहा चुकला. ट्रिपॅन ब्लू स्वतःच पेशींना विषारी आहे, जास्त वेळ ठेवलं की जिवंतही निळ्या पडायला लागतात. मिसळल्यावर तीन ते पाच मिनिटांत मोजून मोकळं व्हा. आणि काचपट्टीवर मोजणीसाठी आखलेल्या चौकोनाच्या रेषेवरच्या पेशी मोजताना दोनच बाजूंच्या धरा, चारही नाही.