गुडघा पुन्हा उघडायचा आहे : अनुभव लिहा
संथवाहिनी
शेजारी आज वॉकरची टकटक ऐकली आणि माझं पहिलं ऑपरेशन आठवलं. उजवा गुडघा बदलून बरीच वर्षं झाली, मस्त चालला. आता मात्र खुर्चीतून उठलं की पहिली पावलं टाकताना कळ जाते, मग जरा बरं वाटतं. परवा डॉक्टरांनी एक्सरे दाखवला. सिमेंट आणि हाड यांच्यामधे बारीक काळी रेघ. सांधा सैल झालाय, रिव्हिजन करावं लागेल म्हणे, म्हणजे जुना सांधा काढून नवा. पहिल्या वेळी काहीच माहीत नव्हतं म्हणून बिनधास्त गेले. आता सगळं माहीत आहे, तीच पंचाईत. ज्यांनी दुसऱ्यांदा केलंय त्यांनी लिहा. गोड गोड नको.

पायवाट
बाबांचं इन्फेक्शनमुळे झालं. दोन टप्प्यांत. आधी जुना सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेला सिमेंटचा ठोकळा बसवला, मग सहा आठवडे शिरेतून औषधं, रिपोर्ट नीट आल्यावर खरा सांधा. मधल्या काळात भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगायचे, "सध्या भराव टाकलाय, बांधकाम पुढच्या महिन्यात." ताई, सीआरपी (अंगात सूज किंवा इन्फेक्शन आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि गुडघ्यातलं पाणी तपासलं का ते आधी विचारा. आणि त्याआधी मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, जंतू असले तरी सापडत नाहीत मग.

घाईत_नेहमी
वाचतेय. मशीन संपलं, कपडे वाळत घालून येते.

कुरकुरे_आजोबा
माझा सांधा दुसऱ्यांदा बदलला नाही, पण बदललेला गुडघा भूल देऊन वाकवला. नव्वदच्या पुढे जातच नव्हता, जिना उतरायची बोंब. हे ऑपरेशननंतर पहिल्या तीनेक महिन्यांत केलं तर जास्त उपयोग होतो, नंतर आतले व्रण घट्ट होतात. खरा त्रास पुढे. आमच्या फिजिओला दहापर्यंतच मोजता येतं, दहा झाले की पुन्हा एक.

मोगरा
😂😂 आमचीही तीच. आणि गुडघ्याखाली उशी दिसली की अशी ओरडते!

पायवाट
बरोबर ओरडते. उशी घोट्याखाली हवी, नाहीतर पाय सरळ व्हायचा राहतो.

आकडेमोड
२०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठा अभ्यास आला होता. पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी साधारण ८२ सांधे २५ वर्षं टिकतात असा अंदाज.

संथवाहिनी
म्हणजे मी उरलेल्या अठरांत. कधी नव्हे तो नंबर लागला, तो इथे.

दुसरी_बाजू
कुणाला पटणार नाही पण लिहितो. दुखतं म्हणून लगेच उघडू नका. माझा बदललेला गुडघा दुखायचा, रिव्हिजनपर्यंत बोलणं गेलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी पाय खुब्यातून फिरवला आणि मी किंचाळलो. दोष खुब्यात, कळ गुडघ्यात. तुमच्या एक्सरेत रेघ आहे, तुमचं वेगळं. तरी आणखी एक मत घ्याच.

मावळती
मी केलंय. गोड नको म्हणालात म्हणून सांगते: पहिल्यापेक्षा वेळ जास्त लागला, चालायला आणि धीर यायलाही. जुनं सिमेंट काढताना थोडं हाड जातं, म्हणून नव्या सांध्याला लांब दांडे बसवतात. वाकणं पहिल्याइतकं आलं नाही. पण उठतानाची ती कळ गेली, आणि मला तेच हवं होतं. जुनी फाइल शोधून ठेवा, त्यात सांध्याची बनावट आणि माप लिहिलेला स्टिकर असतो. काढणाऱ्याला आत काय आहे ते आधी कळलेलं बरं.

संथवाहिनी
मावळतीताई, असंच हवं होतं. फाइल माळ्यावर आहे आणि माळ्यावर चढायला गुडघा नाही. मुलगा आला की काढायला लावते.

मोगरा
डावा राहिलाय माझा. हे वाचून आणखी एक वर्ष ढकलते 🙈

मावळती
अगं, पहिला आणि रिव्हिजन यांत फरक आहे. घाबरू नकोस.

घाईत_नेहमी
आले. विषयाला सोडून विचारते, विमानतळावर वाजतो का हो हा सांधा? आईला घेऊन जायचंय.

संथवाहिनी
वाजतो. सैल झाला तरी वाजतो, तेवढं काम इमानाने करतो. आधीच सांगायचं.

घाईत_नेहमी
आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची का?